चाकाच्या घराविरुद्ध म्हाळसाबाई

इनामगावात म्हाळसाबाई ठोंबऱ्यांच्या घरी गेलात तर पाणी मिळायला जरा वेळ लागेल. आधी भिंत बघावी लागते. पाहुणा ओट्यावर टेकला की म्हाळसाबाई त्याला आत बोलावते, मधल्या खोलीच्या भिंतीवर तळहात आपटते आणि म्हणते, "लावा हात. ढकलून बघा. हालती का?" पाहुण्यानं ढकलल्यासारखं करायचं आणि नाही म्हणायचं. मग पाणी येतं, पाठोपाठ चहाही येतो.

हा बाईचा वेडेपणा नव्हे. लग्न झाल्यापासून तिचा संसार घोड्याच्या पाठीवर होता. नवरा म्हस्कू मेंढरांमागं आणि ती घोड्यामागं. दिवाळी झाली की वाडा कोकणाकडं निघायचा आणि पाऊस तोंडावर आला की परत फिरायचा. धनगरांचा वाडा म्हणजे चिरेबंदी काही नव्हे. आपापली मेंढरं, घोडी, कुत्री घेऊन बरोबरीनं चालणारी चार-सहा बिऱ्हाडं. सकाळी संसार बांधायचा, दिवसभर चालायचं, दिवस कलला की परक्या रानात तीन दगड मांडून चूल पेटवायची. सुरज, तिचा एकुलता एक, असाच परतीच्या वाटेवर कासुर्डीच्या शिवारात बाभळीखाली झाला. पलीकडून सोलापूर रस्त्याचे ट्रक जात होते. वाडा तिथं दोन रात्री थांबला, हे म्हस्कू अजून उपकार केल्यासारखं सांगतो. नंतर बाळ आणि कोकरं एकाच घोड्यावर चढली. त्या घोड्यामागून चालताना म्हाळसाबाईनं मनाशी ठरवून टाकलं की आपलं झालं ते झालं, पण ह्या पोराचं पोर रस्त्यावर वाढणार नाही. त्याला घर असेल, आणि ते हलणार नाही.

घर झालं. कॅनॉलचं पाणी आलं, थोडी जमीन भिजली, म्हस्कूनं बरीचशी मेंढरं विकून तीन खोल्या आणि वर स्लॅब टाकला. गंमत एवढीच झाली की घर बांधून होईस्तोवर त्यात राहायला माणसं उरली नाहीत. सुरज आश्रमशाळेच्या वसतिगृहात गेला, तिथून दौंडला आयटीआयला, तिथून कारखान्यात. म्हस्कू उरलेली मेंढरं घेऊन एका गड्याबरोबर वर्षाचे आठ महिने कोकणातच. तीन खोल्यांत एकटी म्हाळसाबाई. तिनं ह्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. घर मागितलं होतं, घर मिळालं. वर त्यात माणूसही पाहिजे म्हणणं तिला हावरटपणाचं वाटलं असावं.

इनामगावच्या टेकाडाखाली फार जुन्या काळची घरं सापडलेली आहेत. अधूनमधून कुणी कॉलेजचे सर पोरांना घेऊन येतात आणि इथं हजारो वर्षांपूर्वी माणसं घरं बांधून, शेती करून राहत होती असं सांगतात. म्हाळसाबाई शेळी चारायच्या निमित्तानं तिथं जाऊन ऐकते, मान डोलावते. मग सर पुढं सांगायला लागतात की पाऊस कमी झाला, रान पिकेना, आणि तीच माणसं मेंढरं घेऊन हिंडायला लागली असावीत. तेवढं ऐकायला ती थांबत नाही. शेळी हाकत घरी येते.

तर असा हा सुरज कारखान्यात मोठी इंजिनं दुरुस्त करायला शिकला आणि त्या जोरावर ऑस्ट्रेलियात खाणीतल्या मशीनवर फिटर म्हणून गेला. गावानं बॅनर लावला. मुलगा परदेशात म्हणजे बंगल्यात, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं. सुरजनं तसं कधी म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. त्या बंगल्याकडं बघून खुटबावच्या आण्णांनी आपली पूनम दिली. आण्णा आणि धुरपदाबाई शेवंती-झेंडूचे बागायतदार. त्यांच्या घराण्यानं मेंढरं दोन पिढ्यांपूर्वीच विकली होती, आणि आपण कधी मेंढरांमागं होतो ही आठवणही त्याच सौद्यात देऊन टाकली होती. धुरपदाबाईंनी बैठकीत एकच अट घातली, "पोरगी चार भितींच्या बाहेर पडाया न्हाई पायजे." म्हाळसाबाईला ती अट इतकी पटली की तिनं विहिणीला तिथल्या तिथं मिठी मारली.

मग फोन आला. पूनमला दिवस गेले होते, आणि सुरजनं कॅरव्हॅन घेतली होती.

कॅरव्हॅन म्हणजे गाडीमागं जोडून ओढायची चाकाची खोली. आत पलंग, गॅस, फ्रिज, बेसिन, सगळं. सुरजनं व्हिडिओ कॉलवर हौसेनं दाखवलं. तो सांगत होता त्याचा मथितार्थ असा की सध्या कंपनी त्याला विमानानं खाणीवर नेते, तो दोन-दोन आठवडे तिथल्या खोलीत राहतो आणि पूनम पर्थ शहरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटी असते. आता एका ठेकेदाराकडं काम आहे. एकेका खाणीवर महिना-दीड महिना मशीन दुरुस्तीला असतात, मग पुढची खाण. तिथं कॅरव्हॅन लावायला जागा मिळते. बायको-पोर बरोबर राहील. नाहीतर कर्ज काढून पर्थमध्ये घर घ्यायचं आणि जुनंच काम चालू ठेवायचं. पूनमचं अजून नक्की होत नव्हतं. "तुम्ही दोघं या," सुरज म्हणाला. "ज्या रस्त्यानं फिरायचंय त्यो सगळा एकदा फिरू. आल्यावर मी ठेकेदाराला काय ते सांगणार हाय."

म्हाळसाबाईनं फोन ठेवला तो थेट खुटबावला लावण्यासाठी. धुरपदाबाईंच्या कानावर ते आधीच आलं होतं.

"बाळातपणाला माहेरी ये म्हनलं तर न्हाई म्हंती," धुरपदाबाई रडकुंडीला आल्या होत्या. "आन् आता ह्ये चाकाचं खूळ. विहीणबाई, तुम्ही त्याची आय हाय. तुमीच मोडा ह्ये."

"मोडूनच येते," म्हाळसाबाई म्हणाली.

अशा रीतीनं जन्मभर रस्त्यावर चाललेली ती बाई एका रस्त्याचा बंदोबस्त करायला विमानात बसली. पर्थच्या विमानतळावर साहेबानं म्हस्कूचं घोंगडं उलगडून झटकलं, तर त्यातून इनामगावचं कुसळ निघालं. ते चिमट्यात धरून त्यानं पिशवीत घातलं. घोंगडं परत मिळेस्तोवर म्हस्कू हलला नाही. आपल्या घोंगड्याला खुद्द साहेब लागला ह्याचा त्याला पुढं कितीतरी दिवस मान वाटत होता.

कॅरव्हॅन प्रत्यक्ष बघितली तेव्हा म्हाळसाबाईनं तिच्याभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं आणि मुलाला म्हणाली, "ह्यातनं सुटावास म्हनून मी तुला साळंत घातला व्हता, बाबा." सुरज हसला. ती हसली नाही.

तिचा बेत साधा होता. काहीच करायचं नाही. आपण हात लावला नाही तर हा संसार दोन मुक्कामांत आपोआप मोडेल ह्याबद्दल तिला शंका नव्हती. आणि तसंच होऊ लागलं. शहर मागं पडलं, गव्हाची रानं संपली, झाडं खुजी होत गेली आणि माती लाल झाली. पहिल्या मुक्कामाला पूनमनं कॅरव्हॅनचं दार उघडलं तर तूरडाळ जमिनीवर, तिखट गादीवर आणि कुकरचं झाकण बेसिनमध्ये. कपाटाची कडी लावायची राहिली होती. दुसऱ्या मुक्कामाला कडी लावलेली होती, पण तवा सगळ्यात खाली आणि त्यावर सगळं जग. भाकरी होईतो नऊ वाजले. पूनमचा पाचवा महिना, पाय सुजलेले. ती गॅससमोर उभी राहून रडली. म्हाळसाबाई बाहेर घडीच्या खुर्चीत हात बांधून बसली होती. सुनेची दया येत होती, पण दयेपायी एवढ्या लांबून आलेलं काम बिघडवायचं तिच्या मनात नव्हतं.

बिघडवलं ते तिच्या हातांनी. तिसऱ्या दिवशी सकाळी पूनम कपाट भरत होती. खाली काचेच्या बरण्या, वर पाटा-वरवंट्यासारखा जड मिक्सर. म्हाळसाबाईनं तोंड फिरवलं. पुन्हा बघितलं. मग उठली आणि कपाटातलं सगळं खाली काढलं. जड ते तळाला, बरण्यांभोवती साड्या, आणि संध्याकाळी पहिल्यांदा लागेल ते सगळ्यात शेवटी भरायचं, म्हणजे हाताशी येतं. तवा, परात, पीठ, काडेपेटी दाराशी. तिला वाटलं, एवढंच. संध्याकाळी गाडी थांबली आणि अर्ध्या तासात भाकरी ताटात पडली. सुरजनं तव्याकडं बघितलं, मग आईकडं. म्हाळसाबाई स्वतःवरच चिडली होती.

मग काही ते थांबलं नाही. वारा कुठून येतो ते बघून दार कुठं करायचं हे तीच सांगू लागली. एकदा हट्टानं पूर्वेला करायला लावलं तर सकाळी तिथल्या माश्या घोंगावत आत आल्या आणि सगळ्यांनी तोंडावर पदर-रुमाल घेऊन चहा प्यायला. पण एरवी बरं जमायचं. दारापुढं सावलीचं कापड ताणायचं, त्याखाली पाणी शिंपडून धूळ बसवायची, पूनमला पाय वर घेऊन बसवायची, सुरजला लाकडं आणायला पिटाळायची. चौथ्या-पाचव्या मुक्कामाला पूनम गुणगुणायला लागली. तिची सूज उतरली. रोज रात्री म्हाळसाबाई ठरवायची की उद्या हात लावायचा नाही, आणि रोज दिवस कलला की तिचे हात तिला न विचारता कामाला लागायचे.

म्हस्कूचं सगळं वेगळंच चाललं होतं. त्याच्या जिवाला एकच घोर होता. "ह्ये रान चारतं कोन?" तो विचारायचा. कुणीच नाही, म्हटलं तरी थोड्या वेळानं पुन्हा विचारायचा. दिवसभर गाडी चालली तरी रान सरत नव्हतं. समोरून चार-चार डबे ओढणारे ट्रक यायचे, लाल धुरळा उडायचा, आणि पुन्हा रिकामं रान. एवढं रान मोकळं टाकणाऱ्या माणसांची त्याला मनापासून कीव आली. सोन्याच्या खाणीचा मोठा खड्डा सुरजनं कठड्यापाशी नेऊन दाखवला. तळाशी डंपर इतके बारके दिसत होते, की त्यांचं एकेक चाक दोन माणसांच्या उंचीचं असतं असं सुरज म्हणाला तेव्हा म्हस्कूनं त्याच्याकडं संशयानं पाहिलं.

"आन् सोनं कुटं हाय?" त्यानं विचारलं.

"दिसत न्हाई, आप्पा. ट्रकभर दगडात चिमूटभर असतं."

"मंग येवढं रान उकरून काय मिळीवलं?" म्हस्कू म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

एका मुक्कामाला शेजारी दुसरी कॅरव्हॅन लागली होती. त्यात एक गोरं जोडपं, दोघंही सत्तरीच्या पुढचे. सुरजनं त्यांच्याशी बोलून सांगितलं की ह्यांनी घर विकलंय आणि तीन वर्षं असेच फिरताहेत. "घर इकलं?" म्हाळसाबाईनं विचारलं. तिला पुढचं सांगायची गरज नव्हती. पोरांनी बाहेर काढलं असणार. तिनं पिठलं केलं, भाकरी केल्या आणि ताट घेऊन गेली. त्या म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवला, डोळे पुसले. म्हातारीला काही कळलं नाही, पण पाठीवरचा हात बरा वाटला असावा. तिनं भाकरी खाल्ली, मुरंब्याची बाटली दिली आणि मोबाईलवर नातवंडांचे फोटो दाखवले. नातवंडं हसत होती, मुलं हसत होती, मागं मोठ्ठं घर होतं. हौस म्हणून फिरतात, सुरज म्हणाला. ह्यावर म्हाळसाबाईचा विश्वास बसला नाही. चांगल्या घरची माणसं बाहेर काही बोलत नाहीत, असं ती पूनमला म्हणाली.

हलणारं घर नको, पक्कंच हवं, ह्याला तिला पुरावा हवा होता, आणि दुसऱ्याच दिवशी तो समोर आलासा वाटला. रस्त्याला एक गाव लागलं. पत्र्याची घरं, ओळीनं, प्रत्येकाला पुढं पडवी. "आता कसं!" म्हाळसाबाई गाडीतून उतरली. "ह्यातलं एक का न्हाई घेत? खान जवळ, घर जवळ." ती एका घराच्या खिडकीपाशी गेली आणि आत डोकावली. आत लोखंडी कॉट होती, भिंतीला खिळ्यावर कोट होता, टेबलावर किटली होती, आणि सगळ्यावर लाल धूळ. शेजारच्या घरातही तसंच. सुरजनं सांगितलं की हे गाव आता नुसतं लोकांनी बघायला जपून ठेवलंय. पूर्वी खाण चालली तोवर माणसं होती. खाण बंद पडली तशी दोन-तीन आठवड्यांत गाव उठून गेलं.

"आन् घरं?" तिनं विचारलं.

"ती हायतच की," सुरज म्हणाला. "घरं कुटं जात्यात?"

म्हाळसाबाईनं एका भिंतीला हात लावला. पक्की होती. त्या दिवशी गाडीत तिनं डोळे मिटून घेतले आणि कुणाशीही घराचा विषय काढला नाही.

शेवटचा मुक्काम आडरानातच होता. रस्त्याकडेला गाड्या थांबवण्यासाठी सरकारनं सोडलेली मोकळी जागा; एक पाटी, एक टाकी, बाकी चहूकडे लाल जमीन आणि खुरटी झाडं. उद्या परत फिरायचं होतं. म्हणजे म्हाळसाबाईच्या हातात आजची संध्याकाळ होती, आणि ती सुनेशी नीट बोलायचं ठरवून पीठ मळायला बसली होती. तेवढ्यात सुरजनं विचारलं, "आप्पा कुटं हायत?"

म्हस्कू नव्हता. टाकीपाशी नव्हता, गाडीत नव्हता, झाडांमागं नव्हता. जमिनीवर त्याच्या चपलांचे ठसे होते ते रस्ता सोडून सरळ आत रानात गेले होते. सुरज घाबरला. इथं माणूस हरवला तर दिवसेंदिवस सापडत नाही, पाणी नाही, मोबाईलला रेंज नाही. त्यानं कॅरव्हॅन सोडवून ठेवली, गाडी घेतली आणि ठशांच्या अंगानं निघून गेला. गाडीचा आवाज विरला. सूर्य खाली आला होता.

पूनम खुर्चीत बसून गाडी गेली तिकडं बघत होती. एक हात पोटावर. "आत्या, मामांना काही झालं तर?"

"काय व्हतंय. येत्याल."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

म्हाळसाबाईनं परातीतून मान वर केली नाही. "कशाची भीती? दिस मावळला की माणूस चुलीकडं येतंय. वाड्यावर आसताना येक सांज आशी गेली न्हाई का ह्ये भाकरीला न्हाईत. पाऊस आसूंदे, मेंढरू चुकूंदे, बिबट्या लागूंदे. उशीर व्हायाचा, पर यायाचे. तवा कवा भ्या वाटलं न्हाई."

"कधीच नाही?"

"वाटलं की," म्हाळसाबाई पीठ मळता मळता म्हणाली. "घर झाल्यावर."

पूनम तिच्याकडं बघत राहिली. म्हाळसाबाईचे हात चालू होते आणि तोंडही त्यांच्याबरोबर चालू झालं होतं. "दोघं बी गेली. ह्यो साळंत, ह्ये कोकनात. म्या कडी लावून बसायची. येका भाकरीपुरतं पीठ घ्यायाची. येवढंसं पीठ परातीत दिसलं की चूल पेटवू वाटायची न्हाई बघ. वाटायचं, आपल्याबिगर सगळ्यांचं भागतंय. घरात सगळं हाय, आन् आपुन कुनाचं न्हाई. आठ म्हैनं. दर साली." तिनं नाक मनगटानं पुसलं. "लई वंगाळ गेलं त्ये, पूनम. म्या कुनाला बोलले न्हाई."

बोलून झालं आणि मग तिच्या ध्यानात आलं, की आपण हे कुणापुढं आणि कशासाठी बसून बोललो. घाईनं ती म्हणाली, "पर घर त्ये घरच आसतंय." पूनमनं मान डोलावली, पण ती त्या वाक्याला नव्हती. सासूच्या हातातली परात तिनं स्वतःकडं ओढून घेतली आणि म्हणाली, "मी थापते. तुम्ही बसा."

अंधार पडता पडता दोन गाड्यांचे दिवे दिसले. पुढच्या उघड्या गाडीत एक मोठ्या टोपीचा लालबुंद म्हातारा गोरा आणि त्याच्या शेजारी म्हस्कू, लग्नाच्या वरातीत बसावं तसा. मागून सुरज. म्हस्कू उतरला तो म्हाळसाबाईकडं बघून म्हणाला, "मालकाला इचारून आलो. राहा म्हनला."

सुरज ओरडला. बापावर ओरडायची ही त्याची पहिलीच वेळ. "आप्पा, ही सरकारी जागा हाय! कुनाला इचारायला लागत न्हाई!"

"आसं कसं?" म्हस्कू म्हणाला. "रान हाय म्हंजी मालक आसनारच. तळ टाकायचा तर इचाराया नगं? रोज तुमी न इचारता टाकताय, माझ्या जिवाला घोर लागलेला. आज म्हनलं जाऊनच यावं." लांबवर त्याला पवनचक्कीचं पातं चमकताना दिसलं होतं, आणि पवनचक्की म्हणजे विहीर, विहीर म्हणजे मालक, अशा हिशेबानं तो चालत गेला होता. गोऱ्याला मराठी येत नव्हतं, ह्याला इंग्रजी. पण गोठ्यात मेंढ्या होत्या. म्हस्कूनं एकीचा जबडा उघडून वय सांगितलं, बोटांवर. तो म्हातारा खूश झाला. उरलेलं बोलणं तसंच झालं असावं. त्या म्हाताऱ्यानं भाकरी खाल्ली, टोपी काढून म्हाळसाबाईला नमस्कार केला आणि निघून गेला. आयुष्यात त्या जागेवर थांबायची परवानगी मागायला आलेला हा पहिलाच माणूस, असं तो सुरजला सांगून गेला.

म्हस्कू भाकरी खात होता. सुरज, पूनम, म्हाळसाबाई, तिघंही त्याच्याकडं बघत होते, आणि कुणालाच रागावता येईना.

सकाळी पूनमनं सांगितलं. सुरजला आधी नाही, सासूला आधी. "आत्या, मी ठरवलं. मी ह्याच्यातच राहीन. घर घेतलं तर हे दोन-दोन आठवडे खाणीवर, मी भिंतींशी बोलत बसणार. तुम्ही काल सांगितलंत म्हणून धीर झाला."

म्हाळसाबाईला संताप आला. सुनेचा नव्हे, मुलाचाही नव्हे, स्वतःच्या जिभेचा. आठ हजार किलोमीटर येऊन तिनं जे मोडायचं ते पायापासून बांधून दिलं होतं. आधी हातांनी, मग तोंडानं. ती कॅरव्हॅनमागं जाऊन थोडा वेळ उभी राहिली. आणि तिथं उभी असताना तिला पूनमचा हेवा वाटला. तिला स्वतःला असं कुणी विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं, हे तिला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असण्याचाच त्रास होत होता.

परत येऊन ती सुनेला म्हणाली, "दवाखाना मोठ्या गावातलाच पायजे. आन् सव्वा म्हैना चाक हलवायचं न्हाई. येक वीत बी न्हाई." पूनमनं हो म्हटलं. सुरजनं दोन्ही कानांना हात लावून हो म्हटलं.

इनामगावात परत आल्यावर म्हाळसाबाईनं सगळ्यांना सगळं सांगितलं, फक्त चाकं सांगितली नाहीत. पण सुरज ठेकेदाराकडं रुजू झाल्यावर खुटबावला जाणं भाग होतं. एसटीत बसून तिनं उत्तरं जुळवली. एसी आहे, फ्रिज आहे, पाणी नळाला गरम येतं. त्यातलं काही खोटं नव्हतं.

धुरपदाबाई अंगणात शेवंतीच्या ढिगाशी बसल्या होत्या. तोडणी उरकली होती, क्रेट भरणं चालू होतं. आण्णा टेम्पोला ताडपत्री बांधत होते. पुण्याच्या फुलबाजाराला संध्याकाळी निघायचं, रात्रभर तिथं बसायचं, विकून दुपारी यायचं, जेवून झोपायचं, उठून पुन्हा निघायचं, हा त्यांचा लग्नापासूनचा क्रम. धुरपदाबाईंनी विहिणीला बस म्हटलं नाही.

"तुमी मोडाया गेल्ता का बांधाया?"

"एसी हाय बघा त्यात," म्हाळसाबाई म्हणाली. "आन् फ्रिज बी—"

"आमच्या पोरीला रस्त्याव आनली तुमी! आन् बैठकीत माझ्या गळ्यात पडत व्हता. चार भिती म्हनलं व्हतं म्या. भिती हायत का त्याला?"

"हायत. पत्र्याच्या."

"घर म्हंत्यात व्हय त्याला? सांगा की. घर हाय का त्ये?"

टेम्पो सुरू झाला. "निघतो गं," आण्णा कुणाकडंही न बघता म्हणाले. धुरपदाबाईंनीही मान वर केली नाही. त्यांचे हात फुलं निवडत होते. टेम्पो वळून डांबरीला लागला आणि अंगणात शेवंतीचा वास आणि दोघी बाया राहिल्या. घर मोठं होतं, दुमजली. आत दिवा लावायचा राहिला होता.

"सुरज दिस मावळाया घरी येतो," म्हाळसाबाई म्हणाली. "हातपाय धुतो, आन् दोघं संगट जेवत्यात."

धुरपदाबाईंचा हात फुलात थांबला.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज."